बल्ब का काढले? जिनिंगमधल्या रंगांच्या प्रदर्शनामागची गोष्ट

हिंगणघाटकडच्या एका गावात, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, दोघा कलाकारांचं रंगांचं प्रदर्शन लागलंय. त्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतंय त्यात चित्रं कमी अन् बल्ब जास्त आहेत. दोघांनी आतले बल्ब काढून टाकले अन् अंधार पडला की गोदामाला कुलूप लावायचं ठरवलं, त्यावरून हा वाद. संध्याकाळी लाइट लावत नाहीत म्हणजे बिल वाचवतात काय इथपासून मजूर लोकांनी येऊच नये म्हणून ही युक्ती आहे इथपर्यंत सगळं बोलून झालं. दोन्ही बाजूंना अर्धंच माहीत आहे म्हणून मागचं थोडं लिहितो.

दोघांपैकी एक जण कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकनं मोठे सपाट पट्टे रंगवतो, लालाला चिकटून निळा, पिवळ्याला चिकटून राखाडी, बाकी आकृती वगैरे काही नाही. दुसरी भंडाऱ्याकडची, कोसा म्हणजे रानटी रेशीम अन् सुती कापड झाडपाल्याच्या रंगात रंगवते. दोघांचं काम एकाच हॉलमध्ये समोरासमोर टांगायचं ही कल्पना तिचीच होती असं म्हणतात.

तिच्या बाजूचा इतिहास जुना आहे, पण त्यात फार शिरत नाही. वऱ्हाडात पूर्वी आल नावाची रंगाची झुडपं लावायचे, तीनेक वर्षं वाढू द्यायची, मग खणून मुळ्या काढायच्या अन् तुरटी घालून त्यातनं लाल रंग काढायचा. चोपड्यांच्या बाइंडिंगचं ते लाल जाडंभरडं खारव्याचं कापड आलीत रंगवलेलं असायचं. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किन नावाच्या केमिस्टनं पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला, १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठातला लाल रंग प्रयोगशाळेत बनला, तोच लाल डब्यात भरून स्वस्तात यायला लागल्यावर तीन वर्षं वावर अडकवून आल कोण लावणार. १८९७ ला कारखान्यातली नीळ बाजारात आली, अन् रंगाऱ्यांचा धंदा गेला तो गेलाच, आडनाव तेवढं राहिलं. १९३८ साली वर्ध्याला ग्रामोद्योगांचं म्युझियम निघालं, खादीचं काम चालू राहिलं, पण गावातल्या बाईनं जुनं लुगडं रंगवायला घेतलं तर ती बाजारातली पुडीच आणायची, अन् त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चार आण्यात पक्का रंग मिळत असेल तर पळसाची फुलं वेचत कोण बसतं.

पुडीच्या त्या काळाबद्दल कलाकार मंडळी नाक मुरडतात, मला ते पटत नाही. पहिल्यांदा घराघरात भडक गुलाबी अन् पोपटी परवडला तो याच काळात. नंतर १९९४ मध्ये जर्मनीनं काही अ‍ॅझो नावाच्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली कारण त्यातनं कॅन्सर करणारी रसायनं सुटू शकतात, भारतातही पुढच्या काही वर्षांत बंदी आली, अन् एक्स्पोर्टवाल्यांना अचानक हिरडा, डाळिंबाची साल, पळस हे सगळं आठवलं. आज शहरात 'नॅचरल डाय' म्हणून जी ओढणी महाग विकतात तिच्यामागं आपली परंपरा थोडी अन् तिकडचा कायदा जास्त आहे. कापडवाली बाईसुद्धा याच लाटेत शिकली, ती ते लपवत नाही.

कॅनव्हासवाल्याची वंशावळ वेगळी. पॅरिसला गालिचे अन् भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणारा एक सरकारी कारखाना होता, तिथं रंगाई खात्यावर शेव्रल नावाचा केमिस्ट होता. तक्रार आली की काळा धागा पाहिजे तेवढा काळा दिसत नाही. यानं तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारी जो निळा-जांभळा लावला होता त्यानं काळा मरत होता. १८३९ मध्ये त्यानं यावर जाडजूड पुस्तक काढलं, अन् शेजारच्या रंगानं रंग बदलतो ही गोष्ट तिथून पेंटिंगवाल्यांच्या डोक्यात बसली. म्हणजे पट्टे मारणाऱ्या या पोराचा आजोबा शेवटी रंगारीखात्यातलाच निघतो, अन् दोघं एका हॉलमध्ये का आले ते इथं कळतं.

आता बल्ब.

साडीच्या दुकानात आपल्याकडं आजही बाई साडी उचलते अन् दारात उन्हात नेऊन पाहते, दुकानदारही काही म्हणत नाही. कारण दोन रंग ट्यूबखाली सारखे दिसतात अन् बाहेर गेले की एक हिरवट तर एक तपकिरी निघतो. कापडात प्रकाशाचा कोणता भाग शोषला जातो अन् दिव्यात मुळात कोणता भाग आहे यावर ते ठरतं. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये निळा कमी, म्हणून निळं लुगडं रात्री काळपट दिसायचं. २०१५ पासून सरकारी योजनेतले एलईडी गावोगाव आले, त्यातल्या स्वस्त पांढऱ्या दिव्यांत गडद लालाचा भाग कमी पडतो, म्हणून आलीचा लाल त्याखाली विटलेला दिसतो. विजेचं बिल उतरलं हे चांगलंच झालं, पण कुंकवाचा रंगही थोडा उतरला हे कोणी बोललं नाही.

तर या दोघांनी ठरवलं की गोदामात दिवा नकोच, वरच्या झरोक्यांतून अन् मोठ्या दारातून येईल तेवढाच उजेड. अन् बंद करायची वेळ मुद्दाम दिवस बुडाल्यानंतरची ठेवली. त्याचंही कारण आहे. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं की उजेड कमी होत गेला की लाल आधी काळा पडतो अन् निळा-हिरवा त्यामानानं उजळ राहतो, कारण डोळ्यातल्या दिवसा काम करणाऱ्या पेशी हळूहळू थांबतात अन् अंधारात पाहणाऱ्या कामाला लागतात. दुपारी कॅनव्हासवर लाल पट्टा डोळ्यात घुसतो अन् निळा मागं बसतो, सांजेला पाऊण तास तिथंच बाकावर बसलात तर उलटं होतं. खरं प्रदर्शन म्हणजे हा पाऊण तास. शिवाय कोपऱ्यात खापराच्या डेऱ्यांत उकळलेला पळस, हिरडा अन् गुळात लोखंड कुजवून केलेलं काळं पाणी ठेवलंय, दिसेनासं झालं की त्या लोखंडाचा आंबूस वास नाकात चढतो. कोसा हातात घेऊन चुरगाळायला परवानगी आहे, त्याचा आवाजही तेव्हाच नीट ऐकू येतो.

कल्पना झकास. पण प्रदर्शन लागलं मार्चमध्ये, अन् मार्च म्हणजे आपल्याकडं हरभरा-गव्हाच्या सोंगणीचे दिवस. सोंगणीच्या बाया सहा-साडेसहाला घरी येतात, चूल पेटवून, लेकरांना जेवू घालून मोकळ्या होईपर्यंत गोदामाला कुलूप. एकीनं तोंडावर विचारलं, "आमी वावरातून येतो तं तुमचं बंद, मंग पाहाव कवा?" याला उत्तर नव्हतं. प्रदर्शनाला मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या संस्थेनं 'कलात्मक निर्णय' असं उत्तर दिलं, त्यानं भडका आणखी वाढला. त्यात दुसरी तक्रार, पळसाचा रंग उन्हात लवकर उडतो, मग दार उघडं ठेवून कापडाची वाट कशाला लावता. याला मात्र बाईकडं उत्तर होतं, तिनं एका थानाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून ठेवलाय, आठ-दहा दिवसांनी पुठ्ठा सरकवला तेव्हा झाकलेला भाग केशरी अन् उघडा भाग पिकल्या पानासारखा फिका निघाला. तिला तेच दाखवायचं होतं.

पहिल्या तक्रारीवर मात्र दोघांत जुंपली. कॅनव्हासवाला म्हणे दिवा लावला की माझं काम मेलं. बाई म्हणे ज्यांच्या घरात हा रंग होता त्यांनाच बाहेर ठेवायचं तर कापड मी काढून नेते. माझं मत विचाराल तर तिचं बरोबर होतं, प्रकाशाचं शास्त्र त्यानं बरोबर ओळखलं, पण सांज सगळ्यांना फुकट मिळते असं धरून चालला. शेवटी तोडगा निघाला तो असा की आठवड्यातले दोन दिवस रात्री नऊपर्यंत गोदाम उघडं अन् आत एकच जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब, तो मिळवायला चार दुकानं फिरावी लागली म्हणतात. गंमत म्हणजे त्या बल्बाखाली लाल पट्टा दुपारपेक्षाही उबदार दिसतो, निळा पार बसतो, अन् आता कॅनव्हासवालाच लोकांना दोन्ही वेळा या म्हणून सांगतो.

पुढं हे सगळं नागपूरला जायचं ठरलंय. तिथला हॉल एसी, खिडकी एक नाही, वर ओळीनं पांढरे एलईडी, अन् वेळ सकाळी अकरा ते सात. तो तयार आहे. तिनं अजून होकार दिलेला नाही.