बँकेत किती आले आणि हातात किती उरले?
ऑनलाइन विक्री करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात हिशेबाला येणारे ऑनलाइन विक्रेते आधी ऑर्डरींचा आकडा सांगतात. 'या महिन्यात चारशे गेल्या.' त्यातून उरले किती, असं विचारलं की मोबाइलवर बँकेचा मेसेज दाखवतात. पण बँकेत जमा होते ती रक्कम फी, भाडं, जाहिरात आणि कर कापून आलेली असते. तिच्यातून मालाची किंमत अजून वजा व्हायची असते, शिवाय पुढच्या आठवड्यात परत येणारे नगही तिच्यातच मोजलेले असतात. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, हिशेब महिन्याचा करण्याआधी एका नगाचा करा.

एका कुर्तीचा हिशेब

पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

उल्हासनगरहून २१० रुपयांना कुर्ती आणली. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २२०.५० रुपये. ती ४९९ ला विकली. विक्रीच्या साइटचं कमिशन, क्लोजिंग फी (दर ऑर्डरमागची ठरावीक फी) आणि शिपिंग मिळून १३० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३.४०. पिशवी, लेबल आणि टेप यांचे १२. सगळं वजा जाता ११३ रुपये उरतात. ४९९ मधला तुमचा जीएसटी २३.७६ आहे, तर खरेदी आणि फीवर भरलेला ३३.९० आहे. आधी भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा होतो, त्यामुळे रोखीने काही भरावं लागत नाही. मात्र जास्तीचे १० रुपये क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे आधी भरलेल्या कराच्या जीएसटी पोर्टलवरच्या खात्यात, पडून राहतात. सेवांवरच्या जास्तीच्या क्रेडिटचा परतावा मिळत नाही, त्यामुळे तो आकडा नफ्यात धरू नका.

११३ रुपये ऐकायला बरे वाटतात. आता अशा १०० ऑर्डरी घ्या आणि त्यातल्या २० परत आल्या असं धरा. विकल्या गेलेल्या ८० चे ९,०४० रुपये. परत आलेल्या प्रत्येक नगामागे परतीचं भाडं जीएसटीसकट १३० आणि वाया गेलेलं पॅकिंग १२, म्हणजे वीस नगांचे २,८४०. त्या वीसांपैकी पाच डाग पडून, फाटून किंवा बदलून आले तर आणखी १,१०० गेले. उरले ५,१००. म्हणजे ऑर्डरमागे ११३ नाही, ५१.

परत येणारे नग २० वरून २८ झाले आणि त्यातले ७ खराब निघाले, तर हेच ५,१०० उतरून २,६०० च्या आसपास येतात. फक्त आठ नग जास्त परत आले आणि नफा निम्मा झाला. जाहिरात, गाळ्याचं भाडं आणि पॅकिंगला बसणाऱ्या मुलीचा पगार यात अजून धरलेलाच नाही. आम्ही विक्री वाढवण्याच्या आधी रिटर्नबद्दल, म्हणजे परत येणाऱ्या मालाबद्दल, विचारतो, ते यासाठी.

रिटर्न कमी कसे होतात

दर आठवड्याला विक्रीच्या साइटवरच्या तुमच्या खात्यातून (पॅनेलवरून) रिटर्नचा रिपोर्ट उतरवा आणि नगवार कारणं वाचा. 'साइज बसला नाही' असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर पुरवठादाराचा छापील साइज चार्ट बाजूला ठेवा आणि कुर्ती टेबलावर पसरून टेपने स्वतः मोजा. छाती, लांबी, बाही इंचात टाका. 'रंग वेगळा' असेल तर फोटो खिडकीशी, दिवसाच्या उजेडात पुन्हा काढा. कळव्याच्या आमच्या एका ताईंनी एवढंच केलं आणि दोन महिन्यांत त्यांच्या परत येणाऱ्या पिशव्यांचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला.

आलेली प्रत्येक रिटर्न पिशवी उघडताना व्हिडिओ काढा. लेबल, सील आणि आतला माल एकाच सलग चित्रणात दिसायला हवा. नुकसानभरपाईच्या क्लेमला मुदत असते आणि ती थोड्या दिवसांची असते. पिशव्या कोपऱ्यात साठवून रविवारी उघडायची सवय इथे महागात पडते. दाराशी डिलिव्हरी न होता परत आलेला माल आणि ग्राहकाने घेऊन परत केलेला माल वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, कारण दोन्हींच्या भाड्याचे नियम सारखे नसतात.

खोका की पिशवी

कुरिअरचं भाडं वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा ५,००० ने भागायचं. ३०० ग्रॅमची कुर्ती ३० × २५ × १० च्या खोक्यात घातली की ती दीड किलोची होते. तीच ३० × २२ × ३ च्या पिशवीत ४०० ग्रॅमच्या आत बसते. जांभळी नाक्यावरून पॅकिंगचा माल एकगठ्ठा घेताना स्वस्त पडला म्हणून मोठा खोका उचलू नका.

कापलेले पैसे, जे तुमचेच आहेत

मार्केटप्लेस, म्हणजे तुम्ही जिच्यावर विकता ती साइट, तुमच्या निव्वळ करपात्र विक्रीवर जीएसटीचा टीसीएस (तुमच्या नावावर आधीच गोळा केलेला कर) कापतं. १० जुलै २०२४ पासून तो ०.५ टक्के आहे, आधी १ टक्का होता. लाखाच्या विक्रीला ५०० रुपये. ते जीएसटी पोर्टलवर 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' मध्ये जाऊन स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यात, येत नाहीत. वर्ष-वर्ष न स्वीकारलेल्या रकमा आम्ही पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते. वरच्या कुर्तीसारखा कर भरावाच लागत नसेल, तर कॅश लेजरमधल्या शिलकीचा परतावा मागता येतो.

प्राप्तिकराचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, वेगळा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्के आहे आणि फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या तक्त्यात, दिसतो. तिथे तुमची एकूण विक्रीही दिसते. म्हणून प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना बँकेत आलेली रक्कम उलाढाल म्हणून दाखवू नका, तफावतीची नोटीस येते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आत, जीएसटी नोंदणी न घेताही राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकता येतो. घरून सुरुवात करणाऱ्यांना ते सोयीचं आहे. मात्र मग फीवरचा १८ टक्के जीएसटी वसूल होत नाही, तो खर्चातच धरा.

माल भिवंडीच्या गोदामात ठेवणार असाल, तर ते गोदाम नोंदणीत जादा जागा म्हणून आधी दाखवावं लागतं. परराज्यातल्या गोदामासाठी त्या राज्याची नोंदणी लागते.

दिवाळीच्या सेलआधी

१० टक्के सूट म्हणजे कुर्तीमागे ५० रुपये. कमिशन थोडं कमी होईल, तरी ११३ मधला मोठा वाटा गेलाच. ज्या नगांचे रिटर्न कमी आहेत, तेच सेलमध्ये घाला. बाकीच्यांच्या सूटीला नाही म्हणा, पॅनेलवर कितीही आग्रह दिसला तरी.

हिशेबाला येताना मागच्या तीन महिन्यांचे सेटलमेंट रिपोर्ट (साइटने काय कापलं आणि काय दिलं त्याचे), रिटर्नचा रिपोर्ट, फी आणि जाहिरातीची बिलं आणि खरेदीची बिलं आणा. सर्वांत जास्त विकले जाणारे पाच नग कोणते, ते एका कागदावर लिहून आणा. तुमच्यासमोर बसून त्या पाचांचा हिशेब मांडू.