डोनेशन आणि स्पॉन्सरशिप: ग्रुपसाठी पैसे घ्यायच्या आधी नक्की काय घेताय ते बघा

लिनक्स असो, हॅम रेडिओ असो नाहीतर रोबोटिक्स, हौशी टेक ग्रुप सुरू होतो तेव्हा पैशाचा विषयच नसतो. कोणाच्या तरी घरी जमायचं, लॅपटॉप आपापले. मग हळूहळू जागेचं भाडं, सर्व्हर, डोमेन, टूल्स असं सगळं मागे लागतं आणि एक दिवस कोणीतरी सांगतं की अमुक कंपनी पैसे द्यायला तयार आहे. सगळे खूश, आणि हे पैसे डोनेशन म्हणून येतायत की स्पॉन्सरशिप म्हणून हे विचारायचं कोणाच्याच डोक्यात येत नाही.

डोनेशन म्हणजे देणाऱ्याने दिलं, विषय संपला. तुम्ही आभार मानाल, वेबसाइटवर नाव टाकाल, पण ती तुमची मर्जी, त्याचा हक्क नाही. स्पॉन्सरशिप हा सरळ व्यवहार आहे. पैशाच्या बदल्यात बॅनरवर लोगो, हॉलमध्ये स्टॉल, स्टेजवर दहा मिनिटं असं काहीतरी ठरलेलं असतं आणि ते द्यावंच लागतं. गोंधळ होतो कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, दोन्हीकडे पैसे आले आणि दोन्हीकडे लोगो लागला.

ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न विचारतो, कार्यक्रम रद्द झाला तर काय? स्पॉन्सर म्हणणार पैसे परत द्या नाहीतर पुढच्या वेळी लोगो लावा, आणि त्याचं बरोबरच आहे. साधं डोनेशन असेल तर ते ग्रुपकडे राहतं. फक्त 'हे ओसिलोस्कोपसाठीच' (विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) असं सांगून दिलेलं डोनेशन वेगळं, ते परस्पर भाड्यात घालायचं नाही, आधी देणाऱ्याला विचारायचं.

टॅक्सवाल्यांनाही हा फरक कळतो. अमेरिकेत ना-नफा संस्थेने स्पॉन्सरचं नाव आणि लोगो नुसता दाखवला तर ते आभार मानणं धरतात, पण 'यांचं प्रॉडक्ट इतरांपेक्षा भारी, किंमत इतकी, आजच घ्या' असं सुरू केलं की ती जाहिरात होते आणि त्या कमाईवर टॅक्स लागू शकतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, तुमचे तुम्ही बघून घ्या, पण आभार कुठे संपतात आणि जाहिरात कुठे सुरू होते हे कळायला हे उदाहरण बरंय.

आता कशासाठी काय वापरायचं. माझं मत असं की स्पॉन्सरशिप कार्यक्रमाला चांगली आणि महिन्याच्या भाड्याला वाईट. कंपनीचं मार्केटिंग बजेट वर्षाला बदलतं, तुमच्याशी बोलणारा माणूस नोकरी सोडतो, आणि घरमालकाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. भाडं मेंबर्सच्या फीमधून आणि दरमहा येणाऱ्या छोट्या डोनेशनमधून निघायला हवं, नाहीतर जागाच घेऊ नका. ब्रसेल्सला दरवर्षी फॉसडेम हे ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं, प्रवेश फुकट, रजिस्ट्रेशनसुद्धा नाही, ते स्पॉन्सर आणि लोकांच्या डोनेशनवर चालतं. उलट जर्मनीतल्या केओस कॉम्प्युटर क्लब या हॅकर्सच्या क्लबची काँग्रेस, म्हणजे १९८४ पासून सुरू असलेली त्यांची वार्षिक परिषद, कंपन्यांचे स्पॉन्सर न घेता तिकिटांवर आणि व्हॉलंटियर्सच्या जिवावर होते. दोन्ही जमतं, पण तिकीट लावायचं की लोगो लावायचे हे ठरवूनच.

डोनेशनवरही फार विसंबू नका. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा कळलं की अर्धं इंटरनेट ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्या प्रोजेक्टला वर्षाला जेमतेम २००० डॉलरच्या आसपास डोनेशन येत होतं. वापरणारे भरपूर, आणि प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणीतरी देतच असेल. तुमच्या ग्रुपच्या चॅटमध्येही हेच होतं, 'ज्यांना जमेल त्यांनी द्या' लिहिलं की थंब्सअप भरपूर येतात, पैसे येत नाहीत. रक्कम आणि तारीख लिहून मागा.

वस्तूंचं डोनेशन हा तर वेगळाच छळ. कोणाच्या ऑफिसमधले जुने मॉनिटर, बंद पडलेले प्रिंटर, वायरींचा ढीग, सगळं 'मुलांना शिकायला' म्हणून येतं आणि शेवटी ई-वेस्टवाल्याला फोन तुम्हालाच करावा लागतो. नाही म्हणायला शिका, खरंच. काय हवंय त्याची यादी आधीच लावून ठेवली तर नाही म्हणणं सोपं जातं.

आणि पैसे घ्यायचे कोणाच्या नावावर? देणगीला पावती लागते, स्पॉन्सरशिपला बिल, आणि कंपनीचं अकाउंट्स डिपार्टमेंट एखाद्या मेंबरच्या पर्सनल अकाउंटला सहसा पैसे पाठवत नाही. पाठवले तरी ते त्या मेंबरच्या उत्पन्नात दिसतात आणि नंतर खुलासे तोच देत बसतो. संस्था रजिस्टर करायचा व्याप नको असेल तर आधीच रजिस्टर असलेल्या संस्थेला आपल्या वतीने पैसे सांभाळायला सांगता येतं, लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारा डेबियनसारखा एवढा मोठा प्रोजेक्टसुद्धा 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' नावाच्या संस्थेमार्फत असंच करतो. अशा संस्था बऱ्याचदा आलेल्या पैशातून थोडे टक्के कापून घेतात, ते बजेट मांडतानाच धरा.

कंपनीला उत्तर पाठवताना मेलमध्ये स्पष्ट लिहा: रक्कम किती, डोनेशन की स्पॉन्सरशिप, बदल्यात काय, कधीपर्यंत, आणि कार्यक्रम रद्द झाला तर पैशाचं काय. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं.