भिंतीपलीकडचं चित्र: वायफाय प्रतिमांकनामागचा इतिहास

राउटरच्या लहरींवरून खोलीतल्या माणसाची आकृती काढता येते, अशी बातमी अधूनमधून येते आणि दर वेळी ती कालच लागलेल्या शोधासारखी सांगितली जाते. प्रत्यक्षात या कामाची मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत. मला त्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की अभियंते ज्याला व्यत्यय समजून गाळत आले, त्यातच चित्र दडलेलं होतं.

रेडिओ लहरी धातूवरून परावर्तित होतात हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झने १८८०च्या दशकातच दाखवलं होतं. १९०४ मध्ये जर्मनीत ख्रिश्चन ह्युल्समायरने कोलोनला ऱ्हाइन नदीवर याच गुणधर्माचा उपयोग करून जहाजाची चाहूल देणारं यंत्र दाखवलं. जहाज जवळ आलं की घंटा वाजायची. गिऱ्हाईक काही मिळालं नाही. १९२२ च्या शरदात अमेरिकी नौदलाचे हॉइट टेलर आणि लिओ यंग पोटोमॅक नदीच्या एका काठावर प्रक्षेपक (ट्रान्समीटर) आणि दुसऱ्या काठावर ग्राहक (रिसीव्हर) ठेवून संदेशवहनाच्या चाचण्या घेत होते. एक लाकडी जहाज मधून जाऊ लागलं आणि ग्राहकातला आवाज चढला, पडला, पुन्हा चढला. जहाजावरून उसळून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळून कधी तिला बळ देत होती, कधी खोडून काढत होती. आजचं वायफाय संवेदन नेमकं हेच करतं. फरक इतकाच की जहाजाच्या जागी चालता माणूस असतो, कधी कधी तर फक्त श्वासाने हलणारी छाती.

पण वस्तू आहे हे कळणं वेगळं आणि तिचं चित्र मिळणं वेगळं. चित्रासाठी लहरीची ताकद पुरत नाही, तिची कला, म्हणजे फेज, लागते: लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. १९४८ मध्ये डेनिस गाबोरने होलोग्राफीची कल्पना मांडली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्यासाठी: वस्तूवरून आलेली लहर एका ओळखीच्या लहरीशी जुळवली, तर हरवलेली कला त्या मिश्रणात टिकून राहते. १९५० च्या दशकात अमेरिकी अभियंता कार्ल वायली यांनी विमानातून सरकत्या एकाच अँटेनाला गणिताने भल्यामोठ्या अँटेनाचं काम करायला लावलं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून तेच आकाशासाठी केलं. १९७४ चं नोबेल त्याबद्दलचं.

खुद्द वायफायचा एक धागाही खगोलशास्त्रातूनच येतो. ऑस्ट्रेलियन अभियंते जॉन ओ'सुलिव्हन १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये काम करताना स्फोट होऊन संपणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेला सिग्नल सावरण्याचं गणित हाती राहिलं. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या विज्ञानसंस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खोलीच्या भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींवर तोडगा काढला. प्रतिध्वनी हा तेव्हा शत्रू होता.

तो हरवायचा तर आधी मोजावा लागतो. म्हणून वायफायच्या प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, सुरुवातीला ठरावीक, माहितीतले संकेत असतात. ते पोचेपर्यंत किती बदलले हे पाहून ग्राहक खोलीचा परिणाम काढून टाकतो आणि ते मोजमाप विसरून जातो. २०११ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने इंटेलच्या एका साध्या नेटवर्क कार्डातून हे मोजमाप बाहेर काढणारं साधन सर्वांना उपलब्ध करून दिलं. प्रत्येक पॅकेटमागे ३० वारंवारतांवरची ताकद आणि कला! मग संशोधनाला पूर आला. त्याच सुमारास युटा विद्यापीठात विल्सन आणि पटवारी यांनी खोलीभोवती छोटे रेडिओ मांडून, सीटी स्कॅनसारखं, कोणत्या रेषा मंदावल्या यावरून माणूस कुठे आहे हे काढलं होतं.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत स्वच्छ प्रयोग २०१७ चा. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातले फिलिप होल आणि फ्रीडेमान राइनहार्ड यांनी एक अँटेना स्थिर ठेवला आणि दुसरा एका प्रतलात बिंदू बिंदू सरकवत नेला. स्थिर अँटेनाने संदर्भ दिला, सरकत्याने लहरीचा नकाशा टिपला, आणि संगणकाने ती लहर उलट दिशेने चालवली. धातूचा मुलामा दिलेला क्रूस त्रिमितीत उमटला. हे होल यांचं पदवीसाठीचं काम होतं, हे मला फार आवडतं. इथे काहीही शिकवलेलं नव्हतं. जे दिसलं ते लहरीतच होतं.

मर्यादाही लहरीचीच. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झला ६. त्यात बोटं दिसत नाहीत. शिवाय मोजमापं कमी असली की एकाच नोंदीत अनेक चित्रं बसतात. त्यांतलं कोणतं निवडायचं? यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) आलं ते या प्रश्नावर. एमआयटीत दीना कताबींच्या गटाने २०१८ मध्ये कॅमेरा आणि रेडिओ शेजारी ठेवले. कॅमेऱ्याने शरीराची ठेवण सांगायची, न्यूरल नेटवर्कने ती रेडिओत ओळखायला शिकायची. मग कॅमेरा बाजूला. शिकवताना भिंत नव्हती, तरी भिंतीपलीकडचा माणूस दिसला. त्यांचा रेडिओ खास बनवलेला होता. २०२२ अखेर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने साध्या वायफाय सिग्नलवरून शरीराच्या पृष्ठभागाचा नकाशा काढला, पण अनोळखी खोलीत तीच पद्धत अडखळते.

इथे काळजी घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. नेटवर्क काढतं ती बोटं लहरीतून आलेली नसतात, आधी पाहिलेल्या हजारो माणसांच्या आठवणीतून येतात. खगोलशास्त्रज्ञ याबाबत फार कडक राहिले. २०१९ मध्ये एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र जाहीर करण्याआधी चार गटांनी एकमेकांना काही न दाखवता ते तयार केलं आणि मगच ताडून पाहिलं. २०२३ मध्ये त्याच विदेवर (डेटावर) यंत्रशिक्षण चालवलं, तेव्हा ते संगणकाने रचलेल्या ३०,००० हून जास्त अनुकरणांवर शिकलेलं आहे हे उघड सांगितलं. चित्रातलं कृष्णविवराभोवतीचं वलय बारीक झालं ते त्या अनुकरणांच्या आधाराने. माणसांची चित्रं काढणाऱ्यांकडूनही हीच शिस्त अपेक्षित आहे.

दरम्यान २०२० मध्ये ८०२.११बीएफ या वायफाय संवेदनाच्या मानकाचं काम सुरू झालं आणि २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पूर्वी ग्राहक जे मोजमाप विसरून जायचा, ते आता उपकरणांनी एकमेकांकडे रीतसर मागायचं आहे. ज्याच्या शरीरावरून ती लहर परतते, त्याच्या खिशात कोणतंही उपकरण नसलं तरी ती परततेच.