पाइनचं बी, पण कुठल्या डोंगरावरचं?

आपल्याकडे वणव्यात डोंगर काळाठिक्कर पडला तरी साग, पळस बुंध्यातून नाहीतर मुळातून परत फुटतात, त्यामुळे जळलं म्हणजे झाड कायमचं गेलं असं आपल्या डोक्यात येत नाही. कॅलिफोर्नियातल्या पाँडेरोसा पाइनचं तसं नाही, तो शेंड्यापर्यंत जळला की विषय संपला, नवीन झाड येणार ते फक्त बियांतूनच. बियांना पंख असतात पण त्या बहुतेक आईच्या आसपासच पडतात, फार लांब जात नाहीत. आणि तिथला २०२१ चा डिक्सी फायर नावाचा वणवा पसरला साडेनऊ लाख एकरांवर! त्यात काही पट्टे असे की जिवंत पाइन शोधून सापडत नाही, मग बी येणार कुठून?

म्हणून माणसं कोन, म्हणजे ज्यात बी असतं ती पाइनची खवल्याखवल्यांची बोंडं, गोळा करतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पाइनचंही आपल्या आंब्यासारखंच, एखाद्या वर्षी लगडतो आणि मग काही वर्षं नुसती वाट बघायला लावतो. बरं, बहराचं वर्ष आलं तरी उन्हाळा संपता संपता हातात थोडेच आठवडे, लवकर तोडला तर बी कच्चं, उशीर केला तर कोन उघडून बी उडालेलं नाहीतर खारींनी पळवलेलं. त्यामुळे दोर लावून झाडावर चढायच्या आधी दोन-चार कोन उभे चिरून बघतात. बियांत खोबऱ्यासारखा घट्ट गर दिसला तर चढायचं, पोकळ किंवा किडकं निघालं तर पुढचं झाड.

मला सगळ्यात भारी वाटलं ते कोनांच्या पोत्यावरचं लेबल, बी कुठल्या भागातलं आणि किती उंचीवरचं ते सांगणारं. राज्याचे सीड झोन, म्हणजे बियांसाठीचे विभाग, पाडलेत आणि त्यातही उंचीचे ५००-५०० फुटांचे थर, कारण खालच्या उबदार भागातलं रोप वर नेलं तर ते तिथल्या थंडीत करपू शकतं. आता हवाच तापतेय म्हटल्यावर काहीजण मुद्दाम खालच्या थरातलं बी वर लावून बघतायत, म्हणजे लेबल आणखीच महत्त्वाचं.

मग कोन वाळवायचे, बी झाडून पंख काढायचे आणि डीप फ्रीजरमध्ये, तिथे ते कित्येक वर्षं टिकतं. पेरायच्या आधी भिजवून काही आठवडे गारठ्यात ठेवतात, म्हणजे बियांना वाटतं हिवाळा होऊन गेला. नर्सरीत रोप तयार व्हायला परत एक-दोन वर्षं. आणि जळलेल्या डोंगराच्या झोनचं, त्याच उंचीचं पाकीट फ्रीजरमध्ये नसेलच तर? मग पुढच्या बहरापर्यंत थांबा, तोवर तिथे झुडपं माजलेली असतात.