रंगवलेली सायकल लेन आणि बांधलेला सायकल ट्रॅक

नागपुरात कुणी "सायकल ट्रॅक झाला" म्हणालं की मी आधी विचारतो, रंगवला की बांधला? दोन्हींना आपण एकाच नावाने हाक मारतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रंगवली ती लेन. रस्ता तोच, पातळी तीच. कडेला पट्टा ओढला, सायकलचं चित्र काढलं, काम झालं. खर्च थोडा, वेळही थोडा. ट्रॅक मात्र बांधावा लागतो. उंच कडा, दुभाजक किंवा झाडांची रांग त्याला गाड्यांपासून तोडते. ट्रॅकवर घुसायला मोटारीला काहीतरी चढावं लागतं, लेनमध्ये नुसतं स्टिअरिंग फिरवलं की पुरतं.

म्हणून लेनवर सकाळी तर्री-पोह्याचा ठेला लागतो आणि ठेल्यासमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या. पोह्यांबद्दल माझी तक्रार नाही, मीही तिथेच प्लेट धरून उभा असतो. पण त्या गाड्यांना वळसा घालायला सायकलवाला बाहेर येतो तो थेट सिटी बसच्या पुढ्यात. सरळ रेषेत चालवण्यापेक्षा हे आत-बाहेर जास्त जोखमीचं. वरून एखादा स्कूटरवाला विचारतो, "काऊन भाऊ, पट्टा असताना मधात काऊन चालवता?"

पट्टा रिकामा असला तरी तो राखण करेलच असं नाही. मेलबर्नमध्ये 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलींवर मोजपट्टीसारखी उपकरणं बसवून ओव्हरटेक करणाऱ्या गाड्यांचं अंतर मोजलं. रंगवलेली लेन असलेल्या रस्त्यांवर गाड्या उलट अधिक जवळून जात होत्या. मला यात नवल वाटत नाही. रेघ दिसली की चालक तिच्या अलीकडचं सगळं आपलं धरतो, सायकलपासून किती लांब राहायचं ते बघतच नाही.

मग रंग निरुपयोगी? वेगावर अवलंबून आहे. महाल, इतवारीच्या गल्ल्यांत लेनही नको नि ट्रॅकही नको; गाड्या ताशी 30 च्या आत ठेवल्या की सगळे एकत्र चालतात. ताशी 50 ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत 30 च्या जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते. वर्धा रोड किंवा रिंग रोडवर म्हणूनच रंगाचा डबा पुरत नाही.

ट्रॅकही आपोआप चांगला होत नाही. गट्टू म्हणजे पेव्हर ब्लॉक खचले, दर फाटकापाशी उतार-चढ आला, की लोक मुकाट्याने सिमेंट रस्त्यावर परततात. तोंडाशी खांब रोवले तर ऑटो अडतो, मोपेड नाही. एका दिशेच्या ट्रॅकला 2 मीटर रुंदी हवी, नाहीतर पुढच्याला ओलांडता येत नाही. आणि मे महिन्यात 45 अंशांत सावली नसेल तर दुपारी तिथे कुत्रंही फिरकणार नाही.

खरी फसगत चौकात होते. मधल्या सरळ भागात छान बांधलेला ट्रॅक चौकाआधी संपतो आणि सायकलवाला डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या न दिसणाऱ्या बाजूला जाऊन पडतो. ट्रॅक त्याच उंचीवर, वेगळ्या रंगात चौक ओलांडून न्यायचा, कोपऱ्याचं वळण आवळायचं म्हणजे गाडीला वेग कमी करावाच लागेल, आणि सिग्नलला सायकलींना गाड्यांच्या पुढे उभं करून काही सेकंद आधी सोडायचं. एवढं केलं नसेल, तर चौकात तुमचा ट्रॅक लेनपेक्षा वेगळा उरत नाही. तिथे तर पट्टासुद्धा नसतो.