टोनी निएमिनेन आणि हवेवर झोपायची विद्या

१४ फेब्रुवारी १९९२. फ्रान्समध्ये अल्बर्टव्हिल ऑलिंपिक चालू, स्की जंपिंगची (पायाला लांब पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून बर्फाळ टेकडीच्या उतारावरून घसरत येऊन लांब उडी मारायचा खेळ) टीम इव्हेंट, आणि फिनलंडच्या चौघांमधे एक शाळकरी पोरगा, टोनी निएमिनेन, वय १६ वर्षं २५९ दिवस. फिनलंड जिंकलं आणि हिवाळी ऑलिंपिकमधला सगळ्यात लहान पुरुष गोल्ड मेडलिस्ट हा रेकॉर्ड या पोराच्या नावावर गेला. आधीचा रेकॉर्डवाला अमेरिकेचा बिली फिस्क, १९२८ चा बॉबस्लेवाला (बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाडीची शर्यत), तोही जिंकला तेव्हा सोळा वर्षांचाच होता! दोन दिवसांनी मोठ्या टेकडीवरचं एकट्याचं गोल्डसुद्धा निएमिनेननंच नेलं, लहान टेकडीवरचं ब्राँझ त्याआधीच मिळालेलं, शिवाय त्याच सीझनला फोर हिल्स टूर्नामेंट (जर्मनी-ऑस्ट्रियातल्या चार टेकड्यांवरची मानाची स्पर्धा) आणि वर्ल्ड कपची ओव्हरऑल ट्रॉफी पण. आणि गंमत म्हणजे त्यानंतर पुन्हा कधी ऑलिंपिक मेडल नाही, वर्ल्ड कपची ट्रॉफी नाही.

लोक अशा वेळी "यश डोक्यात गेलं" वगैरे म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मला यात आधी फिजिक्स दिसतं.

स्की जंपिंग टीव्हीवर बघताना वाटतं की माणूस वर उडाला. तसं काही नसतं. ज्या उतारावरून तो सुसाट येतो त्याचं शेवटचं टोक, म्हणजे टेकऑफ टेबल, हेसुद्धा खालीच कललेलं असतं, साधारण ११ अंश. मोठ्या टेकडीवर तिथे स्पीड असतो ताशी ९० किमीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, आणि पायांनी जोर मारायला मिळतात जेमतेम ०.३ सेकंद, तेवढ्या वेळात तो सात-आठ मीटर पुढे सरकलेला पण असतो. जोर थोडा लवकर किंवा उशिरा लागला की संपलं. पुढे हवेत पाचेक सेकंद, पण जमिनीपासून तो काही मीटरच वर असतो, कारण खालची टेकडीही त्याच्याबरोबर उतरत जाते. म्हणूनच तर पाय शाबूत राहतात, तो उताराला जवळजवळ समांतर येऊन टेकतो, जमिनीवर आपटत नाही.

मग लांब कोण जातं? ज्याला हवा जास्त वेळ धरून ठेवते तो. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून (काढू नये असं लिहिलेलं असतं, तरी आपण सगळ्यांनी काढलाय) तळवा थोडा तिरका केला की हात आपोआप वर उचलला जातो ना, तोच हा प्रकार, हवा खाली ढकलली जाते आणि हात वर. याला लिफ्ट म्हणतात. जंपर स्कीवर पुढे झुकून जवळपास आडवा होतो तो याच्यासाठी.

१९८० च्या दशकापर्यंत सगळे दोन्ही स्की एकमेकींना चिकटवून समांतर ठेवायचे. फिनलंडचाच मॅटी न्यूकॅनेन १९८८ ला कॅलगरीत तीन गोल्ड घेऊन गेला ते याच स्टाइलनं. पण त्यात एक लोचा होता. स्की अंगाच्या बरोबर खाली, म्हणजे दोघांच्या वाट्याला हवेचा तोच एक पट्टा. स्वीडनच्या यान बोकलोवनं स्कीची पुढची टोकं फाकवून इंग्रजी व्ही सारखा आकार केला, तेव्हा मधे अंग आणि दोन्ही बाजूंना स्की अशी मिळून मोठी पसरट पृष्ठभाग झाली. विंड टनेलमधे, म्हणजे मुद्दाम जोराचा वारा सोडलेल्या बोगद्यात, मोजलं तर लिफ्ट साधारण पाव पट वाढलेली निघते. पाव पट म्हणजे या खेळात डोंगराएवढा फरक आहे.

परीक्षकांना मात्र ते दृश्य अजिबात झेपलं नाही, त्यांनी बोकलोवचे स्टाइलचे मार्क कापायचा सपाटा लावला. पाच परीक्षक, प्रत्येकी २० मार्क, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सोडून उरलेल्या तिघांची बेरीज. आजच्या नियमानं मोठ्या टेकडीवर एका मीटरला १.८ पॉइंट मिळतात, म्हणजे स्टाइलमधे ९ पॉइंट गेले तरी ५ मीटर लांब पडलं की हिशेब चुकता. बोकलोवनं तसंच केलं, मार्क कापून घेत घेत १९८८-८९ चा वर्ल्ड कप जिंकून दाखवला. त्यानंतर कुणी किती वेळ नाक मुरडणार!

आता निएमिनेनकडे परत. १९९२ ला सगळं फील्ड अर्धवट अवस्थेत होतं, काही जण व्ही वर आलेले, काही जुन्याच पद्धतीत अडकलेले, आणि हजारो उड्यांनी अंगात भिनलेली सवय मोडणं म्हणजे खायचं काम नाही. सोळा वर्षांच्या पोराकडे मोडायला तेवढी सवयच नव्हती. टायमिंग अफाट, अंग हलकं, आणि हातात नवं तंत्र. पण दोन वर्षांत सगळेच व्ही वर आले. जर्मनीच्या येन्स वाइसफ्लोगनं तर १९८४ ला समांतर स्कीनं गोल्ड घेतलं होतं आणि १९९४ ला व्ही नं पुन्हा घेतलं, हे मला निएमिनेनइतकंच थोर वाटतं.

दुसरी गोष्ट वयाची. समजा अंग सगळ्या बाजूंनी १० टक्के वाढलं, तर हवेला अडणारं क्षेत्रफळ वाढतं २१ टक्के आणि वजन वाढतं ३३ टक्के. खरं शरीर इतकं हिशेबात वाढत नाही, मान्य, पण दिशा हीच, पंख वाढतात त्यापेक्षा ओझं जास्त वाढतं. शिवाय उंची बदलली की गुरुत्वमध्य सरकतो आणि ते ०.३ सेकंदाचं टायमिंग नव्यानं बसवावं लागतं. निएमिनेनच्या बाबतीत यातलं नेमकं किती लागू झालं हे बाहेरून मोजता येत नाही, पण सोळाव्या वर्षी टॉपला पोचलेल्या कुठल्याही जंपरला या गणितातून जावंच लागतं.

तरी तो संपला होता असं म्हणू नका. १७ मार्च १९९४, स्लोव्हेनियातलं प्लानित्सा, स्की फ्लाइंगची, म्हणजे याच खेळाच्या आणखी लांब उड्यांच्या प्रकाराची, राक्षसी टेकडी. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस गोल्डबर्गर २०२ मीटर गेला पण उतरताना हात बर्फाला टेकला, म्हणून रेकॉर्ड बाद. थोड्याच वेळात निएमिनेन २०३ मीटर गेला आणि नीट उभा राहिला. दोनशे मीटर पार करून पायावर उभा राहिलेला जगातला पहिला माणूस तोच. आज रेकॉर्ड स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्हत्सचा आहे, २५४.५ मीटर, २०२५ मधला, तोही प्लानित्सालाच.

निएमिनेनच्याच लाहती गावचा यान्ने आहोनेन बघा, वयानं दोन वर्षांनी लहान, फोर हिल्स पाच वेळा जिंकला, सात ऑलिंपिक खेळला, पण एकट्याचं ऑलिंपिक मेडल एकही नाही. निएमिनेननं एका फेब्रुवारीत दोन नेली.

२००४ ला निएमिनेन रिटायर झाला आणि त्याच्या पुढच्याच सीझनपासून, २००४-०५, नवा नियम आला: उंचीच्या मानानं वजन ठरावीक मर्यादेच्या खाली गेलं तर स्की आखूड वापरायच्या. जंपर उपाशी राहून धोकादायक बारीक होत होते म्हणून. हलकं व्हायचं असेल तर व्हा, पण मग पंख छोटे मिळतील.