संन्याशाला फाशी देण्याआधी

पोकलेनचं बकेट मातीत रुतलेलं असतं, ऑपरेटर लिव्हर ओढतो आणि इंजिन एकदम मरगळतं. डिस्प्लेवर दिवा लागतो, खाली बिघाडाच्या कोडचे दोन आकडे येतात : ४३६४ आणि १८. स्कॅनर लावला की कळतं, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड पुरेसे कमी होत नाहीयेत. मग सायलेन्सरच्या तोंडाशी असलेला, हे ऑक्साइड मोजणारा महागडा नॉक्स सेन्सर बदलतात, कोड पुसतात. तिसऱ्या दिवशी तेच दोन आकडे पुन्हा हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आपण त्याला सायलेन्सर म्हणतो खरं, पण आजच्या पोकलेनच्या मागे असतो तो एक छोटा रासायनिक कारखाना. आधी काजळी अडवणारी गाळणी, मग युरियाचा फवारा. हा युरिया शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के विरघळवलेला असतो. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकावर अमोनिया व नायट्रोजन ऑक्साइड एकमेकांना संपवून नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतात. किती फवारायचं, गाळणी कधी जाळून साफ करायची, हे इंजिनचा कंप्युटर ठरवतो. पण त्याला स्वतःला डोळे नाहीत. सेन्सर सांगतील तेच त्याचं जग.

त्या दोन आकड्यांतला पहिला सांगतो कशाबद्दल तक्रार आहे, दुसरा सांगतो तक्रार कोणत्या जातीची आहे. लोक पहिला वाचतात आणि पार्ट मागवतात. माझं म्हणणं, दुसरा आधी वाचा. दुसरा आकडा ३ असेल तर व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, ४ असेल तर कमी, ५ असेल तर करंट कमी किंवा वायर तुटलेली. हे विजेचे आजार, इथे वायर, पिन किंवा सेन्सर तपासायचा. पण ०, १, १६, १८ असे आकडे आले तर अर्थच बदलतो. कंप्युटर म्हणतोय, ‘सेन्सरवर माझा विश्वास आहे, पण तो जे सांगतोय ते बरं नाही.’ वरच्या गोष्टीतला १८ याच जातीतला. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखंच झालं ते.

विजेच्या आजारात एक साधी युक्ती आहे. धुराचं तापमान मोजणारा दोन वायरींचा सेन्सर घ्या. कोडमध्ये ४ आहे, म्हणजे सिग्नल कुठेतरी अर्थला, यंत्राच्या पत्र्याला, टेकलाय. आता इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढायचा आणि स्क्रीनकडे बघायचं. ४ जाऊन ३ आला, तर वायर आणि कंप्युटर ठीक, दोष सेन्सरचा. कनेक्टर काढूनही ४ हलत नसेल, तर सेन्सर बिचारा निर्दोष. वायर वाटेत कुठेतरी घासून पत्र्याला लागली आहे. एक पैसा न खर्चता निकाल लागतो.

प्रेशर सेन्सरांना बहुधा तीन वायरी असतात : ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टमध्येच फिरतो. खालचा आणि वरचा अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, म्हणजे ‘प्रेशर शून्य आहे’ आणि ‘वायर तुटली आहे’ यांत गल्लत होत नाही. शिवाय तो ५ व्होल्टचा पुरवठा अनेकदा दोनतीन सेन्सरांत वाटलेला असतो. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तिघेही एकदम आजारी दिसतात. तीन सेन्सर एकाच मिनिटाला मरत नाहीत. एकेक कनेक्टर काढत जायचं, ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो गुन्हेगार.

नॉक्स सेन्सरची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची चिप असते, आत दोन छोट्या खोल्या, आणि हीटर तिला ८०० अंशांच्या आसपास तापवतो. पहिल्या खोलीत धुरातला मोकळा ऑक्सिजन उपसून टाकायचा. दुसऱ्या खोलीत नायट्रोजन ऑक्साइडचे रेणू फोडायचे, आणि त्यातून सुटलेला ऑक्सिजन विजेच्या रूपात मोजायचा. हा करंट इतका बारीक असतो की सेन्सरच्या शेपटीलाच स्वतःचं इलेक्ट्रॉनिक मोड्यूल लावलेलं असतं, आणि ते तयार आकडा कॅन लाइनवर, म्हणजे कंप्युटर आणि मोड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरींवर, पाठवतं. म्हणून त्याचं रीडिंग मल्टीमीटरने तपासता येत नाही. फार तर पुरवठा, अर्थ आणि कॅनच्या वायरी तपासता येतात. तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं, म्हणून सायलेन्सर कोरडा होईपर्यंत हीटर पूर्ण तापवतच नाहीत. पाच मिनिटं इंजिन चालवून ‘रीडिंगच येत नाही, सेन्सर गेला’ म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं.

या सेन्सरला आणखी एक खोड आहे. त्याला अमोनियाही नायट्रोजन ऑक्साइडसारखाच वाटतो. युरिया जास्त पडला आणि अमोनिया तसाच बाहेर निसटला, तर सेन्सर ‘धूर घाण आहे’ असंच ओरडणार.

मग खरंखोटं कसं करायचं? उत्प्रेरकाच्या आधी एक नॉक्स सेन्सर असतो आणि नंतर एक. इंजिन चांगलं तापवून, स्कॅनरवरून युरियाचा फवारा बंद करायचा. उत्प्रेरकात साठलेला अमोनिया संपला की दोघांची रीडिंग जवळजवळ सारखी यायला हवीत, कारण मधे आता काहीच घडत नाही. सारखी आली तर दोन्ही साक्षीदार खरे. मग युरियाची घनता रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून घनता सांगणारं उपकरण) बघा, धुराच्या पाइपचे सांधे कुठे फुंकतायत का बघा, नोझल काढून बघा.

गाळणीचा प्रेशर सेन्सर तर स्वतः क्वचितच दोषी. गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब त्याच्याकडे दोन नळ्यांतून येतो. नळी चिरली, काजळी आणि पाण्याने तुंबली किंवा कुणी उलटसुलट जोडली, की तो खोटं बोलू लागतो. इग्निशन चालू, इंजिन बंद : रीडिंग शून्याजवळ हवं.

माझी सगळ्यात आवडती तपासणी मात्र सकाळची. यंत्र रात्रभर थंड झालेलं असतं. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवायची आणि सगळी तापमानं एका पानावर उघडायची. पाणी, हवा, धूर, युरिया, सगळ्यांनी जवळपास तोच आकडा सांगायला हवा. एखादा चाळीस अंश वर असेल तर कोड नसला तरी त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

पोकलेन दिवसभर थरथरते, म्हणून वायरिंगवर डोळा ठेवावाच लागतो. वायरीच्या आतल्या दहा तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मल्टीमीटर बीप देतो, पण नॉक्स सेन्सरच्या हीटरचा करंट त्या एका तारेतून जात नाही. अशा वायरवर बल्ब लावून लोड द्यायचा. बल्ब मंद लागला की समजायचं. कॅनच्या दोन वायरींमध्ये, बॅटरी काढलेली असताना, ६० ओहम हवेत. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात म्हणून. १२० दिसले तर एक टोक सुटलेलं आहे.

आता ४३६४ कडे परत. नोझल काढल्यावर तिच्या तोंडाशी पांढरा खडा दिसतो, मिठाच्या ढेकळासारखा. हलकं काम, थंड धूर, युरियाची नीट वाफ होत नाही आणि तो तिथेच थिजतो; फवाऱ्याची धार होते. खडा कोवळा असेल तर कोमट पाण्यात विरघळतो. जुना झाला की त्याचं रसायनच बदलतं, मग पाण्याला दाद देत नाही. बाजूला, कोऱ्या खोक्यात, नवा सेन्सर पडलेला असतो.